पिर्गीच्या भिंती रंगवलेल्या नाहीत, खरवडलेल्या आहेत

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

सी-५०३: मी टाकलेला हा फोटो ग्रीसमधल्या पिर्गी गावचा आहे, घरांच्या भिंतींवर काळी-पांढरी नक्षी आहे. ऑक्टोबरमध्ये आम्ही हिओस बेटावर तीन दिवस आहोत, त्यात हे गाव धरलंय. इतकी बारीक काळी-पांढरी नक्षी दरवर्षी नव्याने रंगवतात का? स्टेन्सिल लावून करतात?

ए-१०२: ताई, ती रंगवलेली नाही, खरवडलेली आहे. तिथे तिला क्सिस्ता म्हणतात, म्हणजेच खरवडलेलं. भिंतीवर आधी काळसर वाळूचा गिलावा, त्यावर चुन्याची सफेदी. सफेदी ओलसर असतानाच हवा तिथला पांढरा थर काढून टाकायचा, की खालचा काळा उघडा पडतो. फोटोत काळं दिसतंय ती वाळू आहे.

सी-५०३: वाळू मुळातच काळी?

ए-१०२: हो, ज्वालामुखीच्या खडकाची. गावापासून थोड्याच अंतरावर एम्पोरिओस बंदर आहे, त्याला लागून मावरा वोलिआचा किनारा. तिथले गोटे काळेभोर आणि गुळगुळीत. जमलं तर दोन्ही एकाच दिवशी बघा, भिंतीतला रंग कुठून आला ते डोळ्यांनी कळतं.

बी-३०१: समुद्राची वाळू गिलाव्यात घालायची तर आधी गोड्या पाण्यात धुवायलाच हवी. मीठ राहिलं की भिंतीला लोणा लागतो, आणि काळ्यावर तो पांढरा फुललेला लगेच दिसतो.

डी-४०४: काका, काम कसं चालतं ते सविस्तर सांगा ना. चुना आणि सिमेंट दोन्ही वापरतात असं वाचलंय.

बी-३०१: आता गिलाव्यात चुन्याबरोबर सिमेंटही घालतात. क्रम असा. भिंत भरपूर भिजवायची, कोरड्या भिंतीने गिलाव्यातलं पाणी ओढलं की तो सुटतो. मग काळा गिलावा, रंध्याने अगदी सपाट. इथे खळगा राहिला तर त्यात सफेदी जाड साचते आणि खरवडताना रेघ वेडीवाकडी जाते. गिलावा थोडा धरला की ब्रशने सफेदी. चुना नीट विझलेला हवा. कच्चे कण राहिले तर ते नंतर भिंतीतच विझतात, फुगतात आणि टिकल्या उडवतात.

मग आखणी. आडवे पट्टे पाडायचे, पट्टीने आणि कंपासने त्रिकोण, चौकोन, शंकरपाळीसारखे चौकटी आकार, वर्तुळं काढायची. आधी धारदार टोकाने कडा कापायच्या आणि मगच आतलं पांढरं खरवडायचं. खरवडायला साधा जेवणाचा काटासुद्धा चालतो. फोटो मोठा करून बघा, काळ्या भागात बारीक समांतर ओरखडे दिसतील.

ए-१०२: सगळी मेख वेळेत आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो, ते वरच्या पापुद्र्यापासून सुरू होतं. घाई केली तर पांढरं काळ्यात फासलं जातं. उशीर केला तर कडा टवके उडून तुटते. बोट टेकवल्यावर किंचित ठसा उमटावा, पण पांढरं बोटाला लागू नये, तेव्हा काटा धरायचा. म्हणून एका वेळी तेवढाच तुकडा लिंपायचा जेवढा ओला असताना खरवडून होईल. काम वरून खाली, नाहीतर वरचा चुरा खालच्या ताज्या नक्षीवर पडतो.

डी-४०४: म्हणजे चूक झाली तर खोडता येत नाही.

बी-३०१: नाही. तेवढा भाग काढून काळ्यापासून पुन्हा. आणि पट्ट्याचं माप आधी भागून घ्यावं लागतं. रांगोळीत ठिपके मोजतो तसंच. नाहीतर कोपऱ्याशी अर्धाच त्रिकोण उरतो. पिर्गीत चौकातल्या घरांखालून चालताना मान वर करून गॅलऱ्यांची खालची बाजूही बघा. तिथेही नक्षी आहे, आणि ते काम डोक्यावर हात धरून केलेलं आहे. मला त्या गावातली सगळ्यात मोठी कारागिरी तीच वाटते.

सी-५०३: फोटो कधी काढावेत?

डी-४०४: सकाळी किंवा उतरत्या उन्हात, ऊन भिंतीला घासून येत असताना. काळा भाग पांढऱ्यापेक्षा थोडासा खोल आहे, तिरप्या उन्हात कडेची सावली पडते. दुपारी समोरून ऊन आलं की सगळं छापील कागदासारखं सपाट दिसतं. फोन वर तिरका धरू नका, आडवे पट्टे लगेच वाकडे होतात. मागे सरकून मोबाइल सरळ धरा. अर्थात गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मागे सरकायला चौकातच जागा मिळते.

ए-१०२: गल्ल्या मुद्दाम तशा आहेत. हिओसवर १३४६ ते १५६६ इटलीतल्या जिनोव्हाची सत्ता होती, ही मस्तकीची (एका झाडाच्या डिंकाची) गावं त्या काळात चाच्यांपासून संरक्षणासाठी अशी बांधली गेली. मधोमध बुरूज, आणि कडेच्या घरांच्या पाठी एकमेकींना लागून म्हणजेच गावाची तटबंदी. वर कमानी घरं जोडतात, सपाट छतं जवळजवळ एका उंचीवर, त्यामुळे छतावरून बुरुजाकडे पळता यायचं. जवळचं मेस्ता नक्की बघा. रचना तीच, पण भिंती उघड्या दगडाच्या, क्सिस्ता नाही. दोन्ही पाहिलं की नक्षीने काय बदलतं ते समजतं.

सी-२०१: मस्तकी म्हणजे आपली रुमी मस्तकी ना, अत्तरवाल्याकडे मिळते ती?

ए-१०२: तीच, काकू. झाडाच्या सालीला उन्हाळ्यात बारीक चिरा देतात, त्याआधी बुंध्याखालची जमीन झाडून पांढरी माती पसरतात, म्हणजे टपकलेला डिंक स्वच्छ राहतो. तो घट्ट झाला की वेचतात. ही लागवड २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. पिर्गीजवळ मस्तकीचं संग्रहालय आहे.

सी-२०१: आणि फोटोत गॅलरीला लाल माळा आहेत त्या?

ए-१०२: छोटे टोमॅटो, हिवाळ्यासाठी टांगलेले. ऑक्टोबरमध्ये त्या करड्या-पांढऱ्या भिंतींवर तोच एक लाल रंग दिसेल. दोऱ्यात देठाला धरून ओवतात, फळाला टोचत नाहीत, टोचलं की तिथून सडतं. हवा खेळती राहावी म्हणून माळ भिंतीपासून थोडी सुटी. एखादा मऊ पडला तर लगेच काढायचा, नाहीतर शेजारचेही जातात.