मूल नको हे ठरवलं होतं, आता पस्तावा होतो का? खरं खरं सांगा

अर्धविराम
माझं वय ४७, नवऱ्याचं ४९, मूल नाही, आणि हे आम्ही ठरवून केलंय. मेडिकल काही नाही (आधीच सांगून टाकते, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात कुणीतरी दत्तक घ्या म्हणणारच). ठरवलं तेव्हा तिशीत होते आणि तेव्हापासून एकच वाक्य ऐकतेय, "आत्ता ठीक आहे गं, पुढे पस्तावशील." हे पुढे नक्की कधी येतं ते कुणी सांगत नाही. आधी म्हणाले चाळिशीत कळेल, चाळिशी आली तर म्हणे पन्नाशीत बघ, आता पन्नाशी दिसायला लागली तर थेट म्हातारपणावर नेऊन ठेवलंय.

धागा काढायचं कारण माझी मावसबहीण, वय ३१. परवा रात्री साडेअकराला फोन, "ताई, खरं सांग, एकदाही वाटलं नाही?" मी पटकन नाही म्हणून मोकळी झाले आणि मग झोप येईना, कारण ते खरं नव्हतं. एकदा वाटलंय. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तिचं कपाट आवरत होते तर तळाशी एक वही निघाली. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या नोंदी. पहिला दात कुठल्या तारखेला, ताप किती होता, मी कावळ्याला काय म्हणायचे, दिव्याला काय म्हणायचे. एका पानावर नुसतं "आज रात्रभर झोपली" आणि खाली दोन रेघा ओढलेल्या. ते वाचताना एकदम डोक्यात आलं की माझ्यानंतर ही वही कुणाच्याच कामाची नाही, सरळ रद्दीत. फरशीवर बसून मनसोक्त रडले. मग वही माझ्या कपाटात ठेवली आणि पुढचा खण आवरायला घेतला.

याला पस्तावा म्हणायचं का? मला विचाराल तर ते दुःख होतं. पस्तावा म्हणजे पुन्हा त्या वयात नेऊन उभं केलं तर वेगळं वागेन असं वाटणं, आणि मी वेगळं वागणार नाही. तुमचं काय? दोन्हीकडच्यांनी लिहा, फक्त उपदेश नको.

सडेतोड
उपदेश नको म्हणताय पण चर्चा हवी, बरं. ४७ म्हणजे अजून हातपाय चालतायत, नोकरी आहे, नवरा सोबत आहे, या वयात कसला पस्तावा होणार? खरा हिशोब पंचाहत्तरीनंतर. आणि हे मी हवेत बोलत नाहीये, गिलोविच आणि मेडवेक म्हणून दोन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं १९९४-९५ चं काम प्रसिद्ध आहे: केलेल्या चुका लगेच टोचतात, पण आयुष्याकडे मागे वळून बघताना न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. मूल होऊ न देणं ही न केलेली गोष्टच झाली की. ती वही म्हणजे त्याचीच सुरुवात आहे असं मला वाटतं, राग मानू नका. बाकी ही सगळी नवी फॅशन आहे, स्वतःपलीकडे बघायचं नाही आणि त्याला स्वातंत्र्य म्हणायचं.

आकडेमोड
@सडेतोड संशोधन बरोबर सांगितलंत, लावलंत चुकीच्या जागी. न करणं आणि न करायचं ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "मला गाणं शिकायचं होतं, राहून गेलं" हे सलतं. "मला गाणं शिकायचंच नव्हतं" हे कशाला सलेल? २००२ मध्ये जेफ्रीज आणि कॉनर्ट यांनी वयस्क बायकांचा अभ्यास केला होता, तिथेही ठरवून मूल न झालेल्या आणि हवं असून न झालेल्या यांच्यात पस्ताव्याचा फरक स्पष्ट दिसतो, सल असते ती दुसऱ्या गटात. आपण गप्पा मारताना दोघींना एकाच पोत्यात घालतो आणि एकीचं दुःख दुसरीला भीती घालायला वापरतो.

पंचाहत्तरीचं म्हणाल तर मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये तेही तपासलंय. मूल नको म्हणणारे म्हातारे आणि मुलंबाळं असलेले म्हातारे, आयुष्याबद्दलची हळहळ पहिल्यांत जास्त असल्याचा पुरावा मिळाला नाही, उलट आयुष्यात काही बदलावंसं वाटणं पालकांतच किंचित जास्त.

आणि प्रश्न नेहमी एकाच बाजूला का? जर्मनीत २०१६ मध्ये यूगव्हच्या पाहणीत साधारण २० टक्के पालक म्हणाले की पुन्हा संधी मिळाली तर मूल होऊ देणार नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये गॅलपने पंचेचाळिशीपुढच्या पालकांना विचारलं तर ७ टक्के. ७ घ्या नाहीतर २० घ्या, शून्य तर नाही ना? पण बाळंतिणीला कुणी म्हणतं का, बघ हां, पुढे पस्तावशील?

सडेतोड
पाहणीत लोक काय वाट्टेल ते सांगतात हो. म्हातारपणी कोण कबूल करेल की माझं आयुष्य चुकलं? माणूस स्वतःची समजूत घालतो.

आकडेमोड
शंभर टक्के मान्य! त्याचाही प्रयोग झालाय, गिल्बर्ट आणि एबर्ट, २००२. फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या फोटोंमधला एक ठेवायला दिला, काहींना नंतर बदलायची मुभा, काहींना नाही. ज्यांना बदलता येणार नव्हता त्यांना आपला फोटो जास्त आवडला. म्हणजे परतीचा रस्ता बंद झाला की मन आहे त्यात गोडी शोधतं. पण मग पोर झाल्यावर तरी परतीचा रस्ता कुठे असतो? "मुलांशिवाय आयुष्याची कल्पनाच करवत नाही" हीसुद्धा समजूतच असू शकते की. तुमचं हत्यार दोन्हीकडून कापतं.

रात्रपाळी
मी वृद्धांच्या केंद्रात नर्स आहे, १४ वर्षं झाली, जास्त करून रात्रपाळी, म्हणून दोन्हीकडच्यांना थोडं थोडं लागेल असं लिहिते. आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांचं रजिस्टर असतं, नाव, कुणाला भेटायचं, नातं, वेळ. नात्याच्या रकान्यात मुलगा मुलगी असतंच पण भाची, शेजारी, जुनी विद्यार्थिनी, ऑफिसातला मित्र हेही भरपूर असतं. चार मुलं असलेले एक आजोबा होते, त्यांच्या पानावर सहा महिन्यांत दोन नोंदी, आणि त्यातली एक सही घ्यायला आली होती. तेव्हा पोरं म्हणजे म्हातारपणाची काठी वगैरे मला सांगू नका.

पण मूल नसलेल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नका. रात्री दोनला एखादीची तब्येत बिघडली आणि औषधाचा डोस बदलला, तर सकाळी येऊन "हे का बदललं, कुणी बदललं" म्हणून डॉक्टरांशी भांडणारी बहुतेक वेळा लेकच असते. मैत्रिणी येतात, जीव लावतात, पण त्याही ऐंशीच्या, त्यांनाच जिना चढवत नाही. आपल्यापेक्षा वीस-तीस वर्षांनी लहान कुणीतरी आपलं असायला हवं, ते पोटचंच हवं असं नाही, पण ते आपोआप मिळत नाही, त्याला आधीपासून माणसं जोडावी लागतात आणि ते काम कुणी साठीनंतर सुरू करू म्हटलं तर उशीर झालेला असतो.

आणि नवी फॅशन म्हणणाऱ्यांना, र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि स्वतः ठरवून मूल होऊ दिलं नाही. शंभरी उलटली या फॅशनची.

अर्धविराम
@रात्रपाळी हे कुणीतरी लिहायला हवं होतं. वीस वर्षांनी लहान माणसाचं खरंय, मी मोजायला बसले तर माझ्याकडे दीडच नाव निघालं.

फॅशनवरून आठवलं, १९१६ मध्ये लीटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक निबंध लिहिला होता, बायकांनी मुलं जन्माला घालावीत म्हणून समाज कुठली कुठली साधनं वापरतो त्याचा. कायदा, शिक्षण, कला अशी यादी आहे आणि शेवटी चक्क बागुलबुवा! "पुढे पस्तावशील" त्यातच बसतं.

दोन_पोरांची_आई
हे लिहायला नवीन आयडी घेतलाय, यावरून समजून घ्या. मुलगा ९, मुलगी ६. दोघांवर जीव आहे, त्यांना काही झालं तर मी उरणार नाही. आणि तरीही मागे जाता आलं तर मी आई होणार नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि माझ्या ओळखीत एकही माणूस नाही ज्याला दोन्ही सांगता येतील. एक सांगितलं की दुसरं खोटं ठरवतात.

मुलगी लहान होती तेव्हा मी बाथरूमचं दार लावून नळ सोडून नुसती बसायचे, आणि दाराच्या फटीतून तिची चार बोटं आत यायची, हलायची, मला शोधायची. ती बोटं बघून माया यायची आणि त्याच क्षणी किंचाळावंसंही वाटायचं. थकवा होता, मदत नव्हती, हे सगळं आहेच. पण आता मदत आहे, झोप आहे, पोरं गुणी आहेत, तरी उत्तर तेच येतं. ओर्ना डोनाथ यांचा २०१५ चा अभ्यास वाचला, इस्रायलमधल्या २३ आया, त्यातल्या बऱ्याच जणींनी नेमकं हेच सांगितलंय, पोरं नकोशी नाहीत, आईपण नकोसं आहे. वाचून पहिल्यांदा वाटलं की मी राक्षसीण नाही.

कुणी मला विचारलंच नव्हतं की तुला हवंय का. मीही स्वतःला विचारलं नाही. लग्न झालं, दोन वर्षं झाली, मग होतंच ना मूल.

सडेतोड
ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण मोठी होऊन तुमच्या मुलांनी हे वाचलं तर?

दोन_पोरांची_आई
म्हणून तर आयडी नवीन.

अजून_ठरत_नाही
मी ३३. मला नको हे मला कॉलेजपासून माहीत आहे, नवऱ्याला आधी चालणार होतं पण मागच्या वर्षापासून त्याचं मन हलतंय. नसबंदीसाठी डॉक्टरकडे गेले तर "विचार बदलेल, मिस्टरांना घेऊन या" म्हणून परत पाठवलं. मूल हवं म्हणून गेले असते तर विचारलं असतं का, विचार पक्का आहे ना म्हणून?

आकडेमोड
डॉक्टरांच्या भीतीला आधार अगदीच नाही असं नाही. अमेरिकेत मोठा अभ्यास झाला होता, १९९९ मध्ये छापून आला. नसबंदीनंतर १४ वर्षांत पस्तावा सांगणाऱ्या बायका: तिशीच्या आत केलेल्यांत २०.३ टक्के, तिशीनंतर केलेल्यांत ५.९. पण त्यातल्या बहुतेक आधीच आया होत्या, त्यामुळे "मूलच नको" म्हणणारीला तो आकडा तसाच लावता येत नाही. आणि तुम्ही ३३ च्या आहात.

नवऱ्याचं मात्र आकड्यांनी सुटणार नाही. यात मधला मार्ग नसतो, अर्धं मूल होत नाही.

एकसष्ट
बरेच दिवस फक्त वाचतो, आज लिहितो. वय आयडीतच आहे. मूल नाही, आणि मला पस्तावा आहे. सडेतोड खूश होतील, पण पूर्ण ऐका.

आम्ही कधी ठरवलंच नाही. बायको तिशीची असताना माझी बदली, मग तिची परीक्षा, मग माझे वडील अंथरुणाला खिळले, मग घराचं कर्ज. दर वर्षी "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू." भांडण नाही, चर्चा नाही, कुणी नाही म्हटलं नाही. ती ४३ ची झाली तेव्हा एकदा जेवताना म्हणाली, "आता राहिलंच ना ते?" मी हो म्हणालो आणि पाणी प्यायलो. झालं. एवढा मोठा निर्णय आमच्या घरात कॅलेंडरनं घेतला.

ती पाच वर्षांपूर्वी गेली. मागच्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन होतं, ॲडमिशनच्या फॉर्मवर "तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं" असा रकाना. पेन हातात धरून मी इतका वेळ बसलो की काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, नंबर आठवत नसेल तर फोनमध्ये बघा.

मला मूल असतं तर मी सुखी असतो असं मी म्हणत नाही. कोण जाणे, ते परदेशात असतं, नाहीतर बोलत नसतं. मला सलतं ते हे की तिला काय हवं होतं ते मी कधी विचारलं नाही. अर्धविराम, तुम्ही दोघं निदान समोरासमोर बसून बोललात. @अजून_ठरत_नाही, नवऱ्याशी भांडा वाटल्यास, पण पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

सडेतोड
काका, खूश वगैरे नाही झालो. मला एक मुलगा आहे, खरं सांगायचं तर आम्हीही काही ठरवलं नव्हतं, आमच्या कॅलेंडरनं दुसऱ्या बाजूला कौल दिला इतकंच. मत माझं बदललं नाहीये, मूल असावंच असं मला अजून वाटतं. पण स्वतःपलीकडे बघत नाहीत म्हणालो ते मागे घेतो.

अजून_ठरत_नाही
आज रात्री बोलतेय त्याच्याशी. पोटात गोळा आलाय.

अर्धविराम
@एकसष्ट त्या रकान्यात शेवटी काय लिहिलंत?

एकसष्ट
खालच्या मजल्यावर एक मुलगा भाड्यानं राहतो, सत्तावीस-अठ्ठावीसचा, त्याचा नंबर. विचारलं नव्हतं, तिथूनच फोन केला आणि सांगितलं तुझं नाव टाकतोय. तो म्हणाला, नातं काय लिहिलं? मी म्हटलं, रिकामं ठेवलंय. संध्याकाळी आला तेव्हा त्यानं स्वतः काउंटरवर जाऊन भरून टाकलं. काय भरलं ते मी अजून विचारलेलं नाही.