कोरियातलं बेसबॉल: हुकूमशहाची देणगी की लोकांचा खेळ?

पाऊलवाट: दक्षिण कोरियाच्या बेसबॉल लीगला २०२४च्या मोसमात एक कोटीहून जास्त प्रेक्षक आले, त्याचं सगळीकडे कौतुक चाललंय. मला ते खुपतं. ही लीग लष्करशहा चुन दू-ह्वानच्या राजवटीत उभी राहिली. मे १९८०मध्ये ग्वांगजू शहरात त्याच्या सैन्याने लोकशाहीवादी आंदोलकांवर गोळ्या झाडल्या आणि २७ मार्च १९८२ला सोलमध्ये लीगचा पहिला चेंडू याच चुनने फेकला. लोकांचं लक्ष राजकारणावरून उडावं, एवढाच हेतू होता.

मृद्गंध: साफ असहमत. १९८२ला लीग आली, खेळ नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिप जिलेट या अमेरिकन मिशनऱ्याने वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेच्या पोरांना बेसबॉल शिकवलं. १९७०च्या दशकात तर शाळांच्या स्पर्धांना सोलचं दोंगदेमुन मैदान तुडुंब भरायचं. पोटासाठी सोलला आलेली माणसं आपल्या गावाकडच्या शाळेसाठी घसा फोडायची. चुनला ही गर्दी आयती मिळाली.

केदार७: मृद्गंध, +१. पाऊलवाट, तुम्ही ग्वांगजूचं नाव काढलंत म्हणून सांगतो. हेते टायगर्स हा त्याच शहराचा संघ, १९८३ ते १९९७मध्ये नऊ वेळा विजेता. सत्तेने कायम डावललेल्या त्या प्रांतातले लोक स्टँडमध्ये 'मोकपोचे अश्रू' हे तिथल्याच मोकपो बंदराचं, जपानी अमलातलं जुनं गाणं एका सुरात म्हणायचे. रस्त्यावर जमायची चोरी, पण इथे हजारोंनी एकत्र बसता यायचं. हे चुनच्या हिशेबात नक्कीच नसणार.

पाऊलवाट: हा मुद्दा मोलाचा आहे, मानतो. पण अनेक वर्षं १८ मेला, म्हणजे त्या आंदोलनाच्या स्मृतिदिनी, ग्वांगजूत सामनाच ठेवत नसत, हेही सांगा ना! लगाम कुणाच्या हातात होता मग? आणि आजही संघाच्या नावात आधी कंपनी येते: सॅमसंग, लोट्टे, किआ.

रेवा: कंपनी नावात असेल, पण बुसानच्या साजिक मैदानावरचा एखादा सामना बघा. प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं, आणि ते अख्ख्या स्टँडला पाठ. पूर्वी तर लोक नारिंगी प्लास्टिकच्या पिशव्या फुगवून डोक्यावर बांधायचे. १९८४च्या अंतिम मालिकेतले लोट्टेचे, म्हणजे बुसानच्या संघाचे, चारही विजय चोई दोंग-वोन या एकट्या पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) नावावर आहेत, आणि मैदानाबाहेर पुतळा आहे तो त्याचा. २०२४च्या गर्दीत तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. चुनची सत्ता गेली तेव्हा त्यातल्या बहुतेकींचा जन्मही झाला नव्हता. त्या स्वतःच्या पैशाने तिकीट काढून येतात, त्यांचं लक्ष कोण कशावरून उडवतंय?