'बीम प्रोफाइल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
रेडिओथेरपीवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. 'केमिकल डोसिमीटरने बीम प्रोफाइल मोजणे' इथे तीन दिवस अडले आहे. (डोसिमीटर म्हणजे किरणांचा डोस मोजणारं साधन.) कोशातून 'शलाकेची रूपरेषा' जमवली. कळेल का कुणाला?

प्रतिसाद:
नाही हो. रूपरेषा कार्यक्रमाची असते. इथे किरणांचा झोत आडवा कापला, तर या कडेपासून त्या कडेपर्यंत डोस कसा चढतो, सपाट राहतो आणि उतरतो, त्याचा आलेख अभिप्रेत आहे. मी 'आडवा मात्रालेख' म्हणेन. मध्यावरच्या मात्रेच्या ५० टक्के जिथे भरते ती क्षेत्राची कड. ८० वरून २० टक्क्यांपर्यंतचा उतार म्हणजे पेनम्ब्रा, त्याला ग्रहणातला 'उपच्छाया' तयारच आहे. किरणोत्सारी कोबाल्ट-६० वापरणाऱ्या उपचारयंत्राला तर तो चपखल बसतो. तिथला स्रोत बिंदूएवढा नसतो, दीड-दोन सेंटीमीटर रुंद असतो. म्हणून सूर्यबिंबामुळे पडते तशी कडेची सावली विरळ होत जाते.

प्रतिसाद:
'मात्रा' वाचलं की मला सहाणेवर उगाळलेली बाळगुटी दिसते. डोसच लिहा.

प्रतिसाद:
बाळगुटीतही किती पोटात गेलं हाच प्रश्न असतो ना! एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. त्यामुळे 'शोषित मात्रा' उत्तम. पण डोसिमीटरला 'मात्रामापक' म्हणाल, तर माझी हरकत 'मापक'ला आहे. त्याने काटा असलेलं यंत्र डोळ्यांपुढे येतं, आणि हे तर चक्क द्रावण! फ्रिक या शास्त्रज्ञाच्या १९२७ च्या पद्धतीत आम्लातलं फेरस लोह प्रारणाने (रेडिएशनने) फेरिक होतं, आणि ते किती झालं हे ३०४ नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात मोजतात. पण त्याला साधारण ४० ग्रेच्या पुढेच नीट वाचा फुटते. उपचाराची रोजची मात्रा बहुधा २ ग्रे. मग मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एफबीएक्स द्रावण घडवलं गेलं. त्यात फेरस सल्फेटच्या जोडीला बेंझोइक आम्ल, ज्यामुळे तेवढ्याच मात्रेत जास्त फेरिक बनतं, आणि झायलेनॉल ऑरेंज, ज्यामुळे पिवळसर द्रावण जांभळट होतं. 'मात्रादर्शक द्रावण' म्हणा.

प्रश्नकर्ती:
मग परीक्षानळ्या ओळीने मांडल्या की आलेख मिळाला?

प्रतिसाद:
मिळतो, पण भोंगळ. नळी स्वतःच्या रुंदीभरची सरासरी सांगते. सेंटीमीटरभर जाड नळीत काही मिलिमीटरचा उतार कसा मावणार? उपच्छाया आहे त्याहून रुंद दिसते. म्हणून बारीक नळ्या घ्यायच्या, नाहीतर तेच रसायन जेलमध्ये गोठवायचं. जेलमध्येही फेरिक आयन हळूहळू पसरतात आणि कड पुसट होते, तेव्हा वाचन लवकर उरकायचं. अशा वेळी 'मोजणे' पुरत नाही. बिंदूवरची मात्रा मोजतात, आलेख 'काढतात'.

प्रश्नकर्ती:
असं लिहिते: 'मात्रादर्शक द्रावण वापरून झोताचा आडवा मात्रालेख काढणे.' पहिल्यांदा येईल तिथे 'बीम प्रोफाइल'ही ठेवते.

प्रतिसाद:
ठेवाच. फिजिसिस्ट तेवढंच शोधेल.