आर्डनवूडचा तुमचा दिवस कोणता?

फ्रीमॉन्टचं आर्डनवूड हिस्टॉरिक फार्म आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधात आलेला जॉर्ज पॅटरसन पुढे शेतीत स्थिरावला, त्याची ही इस्टेट. १९८५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. चहूबाजूंनी शहर वाढलं, पण इथे अजून पेरणी होते. तिथला लक्षात राहिलेला एखादा दिवस सांगा ना.

*

आईला ऑक्टोबरात मका खुडायला नेलं होतं. तिने हाताच्या एका झटक्यात कणीस मुरगळून काढलं. शेजारची मुलं बघतच राहिली, मग ती त्यांना शिकवत बसली. इंग्रजी येत नाही, पण काही अडलं नाही. तेवढ्यात मोर ओरडला. "अगो बाई, हा इथे कुठला!" पॅटरसनच्या वाड्याभोवती मोर मोकळे फिरतात, हे तिला सांगायचं मी विसरले होते.

*

आम्ही डिसेंबरात मोनार्क फुलपाखरं बघायला गेलो. नीलगिरीच्या राईत अर्धा तास उभे होतो, दिसली फक्त वाळकी पानं. लेक कंटाळली. ढग सरून ऊन फांदीवर आलं आणि ती 'पानं' उघडली, सगळी केशरी! थंडीत त्यांना उडता येत नाही, म्हणून पंख मिटून एकमेकांना बिलगून बसतात. वारा अडवणारी ही झाडं हिवाळ्यात फुलतात, त्यामुळे मधही मिळतो. जायचं तर उन्हाच्या दिवशी, दुपारी जा.

पण २०२० ची गणना वाचून पोटात कालवलं. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे लाखोंनी येणारी ही फुलपाखरं त्या हिवाळ्यात पुरती २००० सुद्धा भरली नाहीत.

*

दादा, ते वाचूनच मी अंगणात मिल्कवीड लावलं होतं. आपल्या रुईच्या कुळातलं. मोनार्कच्या अळ्या तेवढंच खातात. नर्सरीतून आणलेलं निघालं उष्णकटिबंधीय जातीचं. ते हिवाळ्यातही वाळत नाही, त्यामुळे पानांवर फुलपाखरांना घातक परजीवी साठत जातो. शिवाय मोनार्क हिवाळा काढतात त्या किनाऱ्यालगतच्या जागांजवळ मिल्कवीड लावूच नये, असं अभ्यासक सांगतात. त्या काळात त्यांनी अंडी घालायची नसतात. वाईट वाटलं, पण सगळं उपटलं. आता मधासाठी इथलीच फुलझाडं लावली आहेत आणि फवारणी पूर्ण बंद.

*

एक राहिलं. पॅटरसनच्या कितीतरी आधीपासून ही इथल्या मूळनिवासी ओलोनी लोकांची भूमी. मुलांना घेऊन जाल तेव्हा गोष्ट तिथून सुरू करा.