एकट्या कॉकाटिल मादीचे अंडी घालणे थांबत नाही. अंडी काढावीत की ठेवावीत?

प्रश्न : पिवळा_तुरा

नमस्कार. आमच्या घरी गेली 3 वर्षे ल्युटिनो (पिवळट-पांढऱ्या) रंगाचा एक कॉकाटिल (तुरा असलेला छोटा पोपट) आहे. या रंगात नर-मादी ओळखणे अवघड असते, आणि आमचा पक्षी शीळ घालत असे म्हणून आम्ही त्याला नरच समजत होतो. दोन महिन्यांपूर्वी पुस्तकांच्या कपाटातील सर्वांत खालच्या कप्प्यात, पुस्तकांच्या मागे, अंडे सापडले तेव्हा ती मादी असल्याचे कळले. घरात दुसरा पक्षी नाही, त्यामुळे अंड्यातून पिल्लू निघणार नाही हे आम्हाला माहीत होते; म्हणून प्रत्येक अंडे दिसताच आम्ही ते उचलून टाकत गेलो. तिने दिवसाआड एक याप्रमाणे 7 अंडी घातली, दोन आठवडे थांबली आणि आता पुन्हा सुरुवात केली आहे. या खेपेस 4 अंडी झाली असून काल घातलेल्या अंड्याचे कवच खरखरीत आणि बोटाने दबेल इतके मऊ होते.

ती आजारी दिसत नाही. खाते, उडते, बाबांच्या खांद्यावर बसून घरभर फिरते. बाबा निवृत्त झाल्यापासून दिवसभर तिचीच त्यांना सोबत आहे. संध्याकाळी ती त्यांच्या मांडीवर येते, अंग दबवून शेपटी उंच करते, बारीक आवाजात चिवचिवत राहते आणि बाबा बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवतात. तिचा आहार मुख्यतः मिश्र बियांचा आहे. रात्री दिवाणखान्यातील दिवे मालवले जाईपर्यंत, म्हणजे साधारण साडेअकरापर्यंत, ती आमच्यात असते.

अंडी काढणे योग्य की अयोग्य? तिला जोडीदार आणला तर हे थांबेल का? आणि तिला इजा न होता हे थांबवण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर 1 : उबदार_पंख

बाकी सर्व बोलण्याआधी मऊ कवचाविषयी सांगतो, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. तिला पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे शक्य तितक्या लवकर न्यावे. अंड्याचे कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असते. अंडी घालण्याच्या काळात मादीचे शरीर लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा वेगळा साठा करते आणि कवच तयार होताना तो वापरते. आहारातून त्याची भरपाई झाली नाही, तर पुढची तूट तिच्या हाडांमधूनच भरून काढली जाते. कॅल्शियम केवळ कवचासाठी लागत नाही. अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंच्या आकुंचनासाठीही ते लागते, म्हणून कवच मऊ होऊ लागले की पुढचे अंडे आत अडकण्याची भीती वाढते. कॉकाटिलचे वजन 90 ग्रॅमच्या आसपास आणि एका अंड्याचे 5 ते 6 ग्रॅम असते. एवढ्याशा देहाने अकरा अंडी घातली आहेत, हे लक्षात घ्यावे.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. अंडी काढू नका. कॉकाटिलची एक खेप साधारण 4 ते 7 अंड्यांची असते, आणि घरट्यातील अंडी नाहीशी होत गेली की मादीचे शरीर ती भरून काढण्याच्या मागे लागते. तुम्ही चांगल्या हेतूने उचललेल्या प्रत्येक अंड्याने तिला आणखी एक घालायला भाग पाडले असण्याची शक्यता मोठी आहे. अंडी जिथे आहेत तिथेच राहू द्यावीत आणि तिला खुडूक बसू द्यावे. कॉकाटिलची अंडी उबायला 18 ते 21 दिवस लागतात. तेवढे दिवस बसून पिल्लू निघाले नाही की बहुतेक माद्यांचा त्यातील रस आपोआप ओसरतो. मऊ किंवा तडकलेले अंडे मात्र काढून त्याजागी त्याच आकाराचे प्लास्टिकचे अथवा लाकडी अंडे ठेवावे. कपाटाचा कप्पाही आत्ता बंद करू नका. तिने अंडी सोडल्यावर, आणि त्यानंतरच, तो पक्का बंद करावा.

जोडीदार आणल्याने अंडी थांबणार नाहीत. उलट ती फलित होतील आणि पिल्लांची जबाबदारी वाढेल.

पिंजऱ्यात समुद्रफेस (कटलफिशचे कॅल्शियमयुक्त कवच) लावून ठेवावा. कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते, आणि ते शरीरात तयार करणारे अतिनील किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. त्यामुळे बंद काचेमागचे ऊन या कामी उपयोगाचे नाही. तरीही औषधी कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व स्वतःच्या अंदाजाने देऊ नये, कारण त्यांचा अतिरेकही पक्ष्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरतो. केवळ बियांच्या आहारात मेद जास्त आणि कॅल्शियम फार कमी असते. त्यात बदल करावाच लागेल, पण अंडी घालण्याच्या ऐन काळात नव्हे. ती पूर्ववत झाल्यावर पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणारे गोळीखाद्य) आणि गडद हिरव्या पालेभाज्यांची सवय हळूहळू लावावी आणि त्या काळात तिचे रोज वजन करावे.

उत्तर 2 : सांजपाखरू

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मला तुमच्या वडिलांविषयी लिहायचे आहे, कारण याच वळणावरून मी गेले आहे. अंग दबवणे, शेपटी उचलणे आणि बारीक चिवचिवणे हे कॉकाटिल मादीचे मीलनासाठीचे आमंत्रण असते. त्या क्षणी पाठीवरून किंवा पंखांखालून फिरणारा हात तिच्या दृष्टीने जोडीदाराचा असतो. तुमच्या वडिलांच्या मायेत काहीही गैर नाही. फक्त तिचे शरीर त्या स्पर्शाचा अर्थ वेगळा लावते. कॉकाटिल ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील पक्षी आहे. तिथे पाऊस पडून अन्न मुबलक झाले की तो प्रजननाला लागतो. तुमच्या घरात तिला अन्न बारमाही आहे, प्रकाश रात्री साडेअकरापर्यंत आहे, घरट्यासारखा अंधारा कप्पा आहे आणि दिवसभर सोबत करणारा जोडीदारही आहे. हंगाम संपल्याची एकही खूण तिला मिळत नाही.

यापुढे हात केवळ डोक्यावर, गालांवर आणि मानेवर फिरवावा. तुऱ्याच्या मागे हळूच खाजवलेले कॉकाटिलला फार आवडते आणि त्याने हा गोंधळ होत नाही. तिने तशी बैठक घेतली तर तिला न रागावता शांतपणे खाली ठेवावे आणि थोड्या वेळाने दुसऱ्या एखाद्या कामात गुंतवावे. मी घरी शिट्टीला प्रतिसाद देत खोलीभर उडण्याचा खेळ सुरू केला. सोबत कमी झाली नाही, तिचे रूप बदलले. वडिलांना 'हात लावू नका' असे सांगू नका, त्यांचे मन दुखावेल. हात कुठे फिरवायचा, एवढे सांगितले तरी पुरे.

आरसा असल्यास काढावा. तिची झोप 12 ते 14 तासांची करावी. संध्याकाळी लवकर पिंजरा वेगळ्या, शांत खोलीत नेऊन पूर्ण अंधार करावा.

उत्तर 3 : रातराणी

दीर्घ झोपेचा सल्ला योग्य आहे, परंतु 'पूर्ण अंधार' या शब्दांना मी हरकत घेते. कॉकाटिलचे रात्री दचकणे पक्षी पाळणाऱ्यांना चांगलेच परिचित आहे. गडद अंधारात एखादा आवाज झाला किंवा सावली हलली की ते पिंजऱ्यात सैरावैरा फडफडतात, गजांवर आपटतात आणि वाढती रक्तपिसे (आत रक्तपुरवठा असलेली नवी पिसे) तुटून रक्तस्राव होतो. अंडे पोटात असलेल्या मादीसाठी अशी धडपड अधिकच धोक्याची आहे, कारण आत अंडे फुटू शकते. खोलीच्या कोपऱ्यात अगदी मंद दिवा असू द्यावा, पिंजऱ्याची एक बाजू उघडी ठेवावी, आणि झोपेची वेळ एकदम चार तासांनी अलीकडे न आणता रोज थोडी थोडी आणावी. ती अंड्यांवर बसलेली असेतोवर तर तिची जागा बदलूच नये. खोलीतील दिवे लवकर मालवावेत आणि तुम्ही दुसरीकडे बसावे.

उत्तर 4 : जुनी_फांदी

माझी पहिली कॉकाटिल अंडे अडकल्याने गेली. सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुलवून बसली होती. मला वाटले, ती अंडे घालणार आहे आणि तिला शांतता हवी आहे, म्हणून मी संध्याकाळपर्यंत थांबलो. तो निर्णय आजही माझ्या मनातून जात नाही. म्हणून लक्षणे नीट लिहितो: तळाशी बसून राहणे, पिसे फुगवणे, श्वासागणिक शेपटी वरखाली होणे, जोर लावूनही काही बाहेर न येणे, पाय लुळे पडणे, विष्ठा बंद होणे. यांपैकी काहीही दिसले तर त्याच तासाला दवाखाना गाठावा. तोवर तिला ठेवलेली पेटी 30 अंश सेल्सियसच्या जवळपास उबदार आणि दमट ठेवावी. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, कारण आत फुटलेल्या अंड्याने मादी दगावू शकते.

आणखी एक गोष्ट. घरातील बदल करूनही अंडी थांबली नाहीत, तर पशुवैद्य संप्रेरकांवर काम करणारे ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन किंवा त्वचेखाली बसवायचे डेस्लोरेलिनचे रोपण सुचवू शकतात. त्याचा परिणाम काही काळाने ओसरतो आणि ते पुन्हा द्यावे लागते, पण दमलेल्या शरीराला सावरायला तेवढा अवधी मिळतो.

पिवळा_तुरा (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. पहिले उत्तर वाचले त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. क्ष-किरण चित्रात आणखी एक अंडे आणि फिकट दिसणारी हाडे आढळली. कॅल्शियमचे इंजेक्शन दिल्यावर दुसऱ्या दिवशी ते अंडे सुखरूप बाहेर आले. ते या खेपेतील शेवटचे. मऊ अंड्याच्या जागी लाकडी अंडे ठेवले. ती 20 दिवस खुडूक बसली, मग एका सकाळी आपणहून उठून बाबांच्या खांद्यावर गेली आणि पुन्हा त्या कप्प्याकडे फिरकली नाही. दोन दिवस वाट पाहून आम्ही तिथे फळी ठोकली.

बाबांना पाठीवरून हात न फिरवणे जड गेले. पहिला आठवडा ते हात मागे घेत आणि गप्प बसत. सांजपाखरू यांचे उत्तर मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले की मान खाजवायला हरकत नसेल तर त्यांना काही अडचण नाही. आता ती डोके खाली घालून त्यांच्या बोटाची वाट पाहते. वजन 84 ग्रॅमवरून 89 ग्रॅमवर आले आहे. झोपेची वेळ साडेसातपर्यंत आणली आहे, कोपऱ्यात मंद दिवा असतो. पेलेट मात्र ती अजून चोचीत धरून खाली टाकते. त्याबद्दल कोणाचा अनुभव असल्यास अवश्य लिहावे.