मदत हवी आहे: सड्यावरील ऑफिओग्लोसमचे नवीन जाती म्हणून वर्णन करण्याआधी काय तपासावे?

नमस्कार,

रत्नागिरी जिल्ह्यातील एका जांभ्याच्या सड्यावर (कातळपठारावर) ऑफिओग्लोसम प्रजातीतील (जीनसमधील) एक अगदी लहान नेचा मला गेले काही पावसाळे दिसत आहे. पहिल्या जोरदार सरींनंतर खळग्यांत साचलेल्या बोटभर मातीत तो उगवतो आणि गवताने झाकून जाईपर्यंतच सापडतो. पान एकच, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचे. त्याच्या बुडातून निघणाऱ्या दांड्याच्या टोकाला बीजाणुधान्यांच्या (बीजाणूंच्या पिशव्यांच्या) दोन रांगांची कणशी. याच प्रजातीतील ऑफिओग्लोसम कोस्टेटम या जातीचा कंद गोल गरगरीत असतो आणि पानाच्या मधोमध फिकट पट्टा असतो. माझ्या वनस्पतीत दोन्ही नाहीत, खोड दंडगोल आहे. बीजाणूंवरची नक्षीही वेगळी वाटते, परंतु साध्या सूक्ष्मदर्शकाखाली 'वाटते' याला फारसा अर्थ नाही, हे मी जाणून आहे.

माझी मुख्य शंका अशी आहे. या प्रजातीच्या मुळांवर कळ्या येऊन त्यांपासून नवी रोपे तयार होतात, म्हणजे एका खळग्यातील पन्नास रोपे मुळात एकाच रोपाची पिलावळ असू शकतात. तसे असेल, तर सगळी रोपे हुबेहूब सारखी आहेत या निरीक्षणाला जाती ठरवण्याच्या दृष्टीने काहीच वजन उरत नाही. आकारावर तर मुळीच विसंबता येत नाही, कारण उथळ मातीत मोठ्या जातीही खुरटतात. डांगच्या जंगलातील सुमारे एक सेंटिमीटर उंचीच्या ऑफिओग्लोसम माल्वीचे संशोधन 2018 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बीजाणूंचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील अभ्यास त्यात महत्त्वाचा होता. माझ्या बाबतीतही तेवढे पुरेल, की डीएनएची तुलना अपरिहार्य आहे? गुणसूत्रे मोजण्याच्या वाटेला जाण्याचे धाडस मात्र होत नाही. याच प्रजातीतील ऑफिओग्लोसम रेटिक्युलेटम या जातीत ती 1260 इतकी नोंदवलेली आहेत. तसेच, दूरच्या किती सड्यांवरचे नमुने पाहिल्यावर तुम्ही स्वतः 'ही वेगळी जाती आहे' असे म्हणाल?

नियमांची बाजू मी वाचली आहे. 2012 पासून लॅटिन वर्णनाची सक्ती नाही, इंग्रजी चालते. एकाच वेळी गोळा केलेली अनेक लहान रोपे एका कागदावर लावली, तरी तो एकच नमुना धरून होलोटाइप (नव्या नावाचा आधार ठरणारा नमुना) करता येतो. जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 39 नुसार नव्या जातीचा नमुना नेमलेल्या संस्थेत जमा करावा लागतो. अडचण पुढची आहे: तुलनेसाठी जुन्या जातींचे टाइप नमुने (त्यांच्या नावांचे आधारभूत नमुने) पाहायचे, तर ते निरनिराळ्या देशांतील हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांत) विखुरलेले आहेत. छायाचित्रांत कंद आणि शिरा नीट दिसत नाहीत, मग आपण काय करता? पुण्यात किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये कोकणातील जुने ऑफिओग्लोसम कोणी तपासले असल्यास तोही अनुभव कळवावा.

नावाची घाई नाही. ऑफिओग्लोसम नपुंसकलिंगी असल्याने स्थळवाचक नावाचा शेवट 'एन्से' असा होईल, एवढे ठरले आहे. परंतु गावाचे नाव दिले की जागा जगजाहीर होते, आणि हा सडा एवढासा आहे की हौशी संग्राहकांच्या एका फेरीत तो रिकामा होईल. वर्णन छापताना नेमके अक्षांश-रेखांश गाळलेले संपादकांना चालतात का?