विषय: ऑइलच्या झाकणाखालचा पांढरा थर – हेड गॅस्केट की नुसता ओलावा?

सर्वांना सप्रेम नमस्कार,

इंजिन ऑइल भरण्याचे झाकण काल उघडले, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूस पिवळसर-पांढरा, चिकट थर दिसला. हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली, ऑइल व इंजिन थंड ठेवणारे द्रव वेगळे राखणारी पट्टी) गेले असून इंजिन उघडावे लागेल, असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले. गाडी रोज जेमतेम पाच-सात मिनिटे चालते. डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीवरचे) ऑइल मात्र स्वच्छ आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

*

नमस्कार,

आपण शेवटी लिहिलेली डिपस्टिकची गोष्टच सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तेवढ्यासाठी तरी इंजिन उघडण्याची परवानगी आपण इतक्यात देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते, परंतु थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, उतरते. ऑइल नीट तापले, तर ती पीसीव्ही व्हॉल्व्हवाटे (क्रँककेसमधली वाफ व वायू बाहेर काढणाऱ्या झडपेवाटे) बाहेर ओढली जाते. पाच-सात मिनिटांत मात्र ऑइल तापतच नाही, आणि ती वाफ इंजिनच्या सर्वांत थंड जागी, म्हणजे बहुधा त्या झाकणाखाली, पाणी होऊन ऑइलमध्ये घुसळली जाते. तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापले, असे समजू नये. तो कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान दाखवतो, आणि ऑइल त्याच्या बरेच मागे असते.

इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करावी. पातळी योग्य असेल, तर झाकण पुसून गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास सलग चालवावी आणि पुढचे काही दिवस रोज सकाळी ती खूण पाहावी. कूलंट जागचे हलले नाही आणि थरही पुन्हा धरला नाही, तर तो ओलावाच होता. असे ऑइल मुदतीची वाट न पाहता बदलून टाकावे.

याउलट डिपस्टिकवरचेच ऑइल गढूळ, दुधी झाले, त्याची पातळी वर चढली आणि कूलंट उतरत गेले, तर गाडी सुरूही करू नये, टो करून न्यावी. कूलंटमधल्या ग्लायकॉल या रसायनामुळे बेअरिंगवरचा ऑइलचा पापुद्रा टिकत नाही आणि नुकसान फार लवकर होते. नुसती पातळी वाढली असेल, तर आधी वास घ्यावा, कारण ऑइलमध्ये पेट्रोल उतरले तरी ती वाढते.

तापलेल्या पत्र्यावर ऑइलचा थेंब टाकून तडतड ऐकण्याची पद्धत जुनी आहे आणि खरीही आहे, पण ते पाणी कुठून आले, हे तडतडीवरून कळत नाही. ते प्रयोगशाळेतल्या तपासणीत कळते: सोडियम किंवा पोटॅशियम वाढलेले असले, तर संशय कूलंटवर जातो. गॅरेजला कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती तपासणे) करायला सांगावी, आणि कूलंटच्या टाकीतली हवा निळ्या द्रावणातून ओढून पाहायलाही सांगावे. जळलेला वायू असेल, तर ते द्रावण पिवळे पडते. शिवाय ऑइल कूलरमध्ये ऑइल आणि कूलंट एकमेकांशेजारून वाहतात, त्यामुळे गॅस्केट शाबूत असतानाही तो आतून फुटला, तर हीच लक्षणे दिसतात. एवढे न तपासता हेड उतरवणे मला मुळीच पटत नाही.

*

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. लांब चालवूनही थर परत येत असेल आणि कूलंट उतरत नसेल, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह उघडणारी-बंद करणारी झडप) उघडाच अडकला आहे का, ते पाहावे. तसे असले की मोकळ्या रस्त्यावर काटा खाली उतरतो आणि इंजिन कायम गारच राहते. पीसीव्हीची नळी तुंबली तरी वाफ आतच कोंडते, म्हणून तीही उघडून पाहावी. हायब्रिड गाड्यांत इंजिन मधूनमधून बंद राहत असल्यामुळे त्यांच्या झाकणाखाली असा थर अधिक सहज धरतो. त्यांच्या बाबतीतही निवाडा डिपस्टिक आणि कूलंटची पातळी पाहूनच करावा.